दरफालनीचा सण

ज्यू लोकांच्या तिश्री महिन्याच्या दशमीस 'योम किप्पुर', म्हणजे प्रायश्चित्ताचा दिवस, येतो. इ. स. ७० मध्यें यरुशलेमचें मंदिर पडलें आणि महायाजकाचा विधि संपला. उरला तो सुमारें २५ तासांचा निर्जळी उपवास आणि प्रार्थना. देवाचा अपराध या दिवसानें फिटतो. शेजाऱ्याचा मात्र त्याची समजूत घातल्यावांचून फिटत नाहीं, असा मिश्ना ग्रंथाचा निर्वाळा आहे. उपवासाहून हेंच कठीण, असें आम्हांस वाटतें.

कोंकणांतील बेने इस्राएलांस गांवकरी 'शनवार तेली' म्हणत. त्यांच्याजवळ दीर्घकाल हिब्रू प्रार्थनाग्रंथ नव्हते. तरी शुभ्र वस्त्रें नेसून, दारें लावून, इतरांचा स्पर्श टाळून ते हा दिवस पाळीत. त्यास ते 'दरफालनीचा सण' म्हणत. म्हणजे दारें बंद करण्याचा. आतां या दिवसाच्या अखेरच्या प्रार्थनेचें हिब्रू नांव 'नेइला'. त्याचाहि अर्थ द्वारें मिटणें असाच. हा निव्वळ योगायोग मानावयास आमचें मन घेत नाहीं. मुंबईंत त्यांचें पहिलें प्रार्थनामंदिर १७९६ सालीं उभें राहिलें. तोंपर्यंत घराचें दार हेंच मंदिराचें दार होतें. दुसरे दिवशीं, 'शिळ्या सणा'स, तें उघडे. मग दानधर्म आणि आप्तेष्टांच्या भेटी होत.