कलत्या उन्हातले पंख

गेटवेहून मांडव्याला जाणाऱ्या लाँचवर नोव्हेंबर ते मार्च या महिन्यांत बसलेल्या प्रत्येकाने कुरव पाहिले आहेत. लाँच धक्का सोडते न सोडते तोच हे पांढरे-राखाडी पक्षी मागे लागतात, कठड्याला धरून बरोबरीने उडतात, हातभर अंतरावर येऊन प्रवाशांच्या डोळ्याला डोळा देतात. भराभर मोबाइल वर होतात. दुपारच्या लाँचवरचे असे शेकडो फोटो मी पाहिले आहेत. बहुतेकांत डोक्यावरच्या उन्हाने पक्ष्याची पाठ पांढरीफटक झालेली असते आणि पंखाची खालची बाजू काळोखात बुडालेली असते. हे पुस्तक त्या खालच्या बाजूसाठी आहे.

उडता समुद्रपक्षी टिपण्याची वाट कॅमेऱ्याच्या दुकानातून जाते, असे नवखे मानतात. माझ्या मते ती सूर्याच्या कोनापासून सुरू होते. संध्याकाळचे ऊन सोनेरी असते म्हणून ते चांगले, असे सगळेच सांगतात. ते सोनेरी का, हे शाळेत शिकवलेले असते. क्षितिजालगतच्या सूर्याचा किरण कितीतरी जास्त हवा कापत येतो, वाटेत निळा प्रकाश विखुरतो आणि तांबूस-पिवळा तेवढा आपल्यापर्यंत पोचतो. पण पक्षी टिपणाऱ्याला खरी मदत होते ती ऊन आडवे होण्याची. आडवे ऊन पंखाखाली शिरते. ओहोटीने पुळण ओली असेल तर खालूनही उजेड उसळतो. पंख वर उचलला गेला की पिसांची एकेक रांग, तिच्यावर पडलेली पुढच्या पिसाची सावली, टोकाशी झिजलेली कड, सगळे वाचता येते.

आणि समुद्रपक्ष्याची ओळख बहुधा पंखातच लिहिलेली असते. मुंबईच्या बंदरात तपकिरी डोक्याचा आणि काळ्या डोक्याचा असे दोन कुरव एकाच थव्यात मिसळलेले दिसतात. नावे डोक्यावरून पडली, पण हिवाळ्यात दोघांचीही डोकी पांढरी असतात, डोळ्यामागे एक मळकट डाग काय तो उरतो. अशा वेळी पंख पाहावा. तपकिरी डोक्याच्या प्रौढ कुरवाच्या पंखाचे टोक काळे, आणि त्या काळ्यात पांढरे ठिपके, आरशाचे तुकडे बसवावेत तसे. काळ्या डोक्याच्या कुरवाच्या पंखाची पुढची कड पांढऱ्या पाचरीसारखी, काळा रंग फक्त मागच्या किनारीला. पहिल्याचा डोळा फिकट, दुसऱ्याचा गडद. सेकंदाभरात डोळ्यांना हे पेलत नाही. चित्र थांबले की लगेच उलगडते.

उडता पक्षी थांबवण्याची ही धडपड जुनी आहे. एत्येन-ज्यूल मारे या फ्रेंच शरीरशास्त्रज्ञाने १८८२ मध्ये नेपल्सला बंदुकीच्या आकाराचा कॅमेरा घेऊन कुरवांवर नेम धरला होता. त्याची ‘छायाचित्री बंदूक’ फिरत्या काचेवर सेकंदाला १२ चित्रे घेई, प्रत्येक चित्राला सेकंदाचा १/७२० भाग मिळे. आकाशावर उमटलेल्या त्या आकृत्या चिमुकल्या आणि काळ्याच होत्या. पंखाच्या ठोक्याचे टप्पे त्यांत दिसत, पंखाचा पोत मात्र दिसत नसे. मग त्याने काळ्या पार्श्वभूमीपुढून पांढरे पक्षी उडवून त्यांची चित्रे घेतली आणि पुढे १८८७ मध्ये कुरवाच्या एका उड्डाणाचे सारे टप्पे ओतीव धातूत घडवले. मारेला आपल्या शास्त्राचा मूळपुरुष मानावे असे मला मनापासून वाटते. त्याला सुंदर चित्र नको होते, पंख हलतो कसा हे हवे होते. म्हणूनच त्याची चित्रे आजही पाहावीशी वाटतात.

आता आपल्या किनाऱ्याची अडचण. कोकणचा समुद्र पश्चिमेला, सूर्य त्यातच मावळतो. पुळणीवर उभे राहून पाण्यावरचा पक्षी टिपला तर ऊन त्याच्या मागे राहते. त्यात संध्याकाळी बहुधा खारे वारे वाहत असतात, म्हणजे समुद्राकडून जमिनीकडे. पक्षी उतरताना आणि तरंगताना वाऱ्याकडे तोंड करतो. त्यामुळे ऊन त्याच्या तोंडावर आणि आपल्या वाट्याला शेपटी! किनाऱ्यावरून काढलेले सूर्यास्ताचे पक्षी बव्हंशी काळे कातरकाम का होतात, त्याचे उत्तर या दोन वाक्यांत आहे. कातरकामही देखणे असू शकते. मागून आलेल्या उन्हात सुरय या समुद्रपक्ष्याचे पातळ पंख कंदिलाच्या कागदासारखे उजळतात, आणि त्यासाठी या पुस्तकात स्वतंत्र प्रकरण आहे. पण उजळलेला चेहरा हवा असेल तर पक्ष्याच्या पश्चिमेला जावे लागते, आणि तेवढ्यासाठी होडीत, लाँचवर किंवा समुद्रात शिरलेल्या धक्क्याच्या टोकावर उभे राहावे लागते. हर्णैला संध्याकाळचा मासळीचा लिलाव चालू असताना मी बोटींच्या बाजूने पुळणीकडे तोंड करून उभा राहू लागलो, तेव्हा माझी चित्रे पहिल्यांदा सुधारली. भिंग तेच जुने होते.

वेळ फार थोडा मिळतो. उत्तर युरोपात लिहिलेल्या पुस्तकांत या उन्हाला तासभर दिलेला असतो, कारण तिकडे सूर्य तिरपा घसरत मावळतो. आपल्याकडे तो जवळजवळ सरळ खाली उतरतो. क्षितिजापासून ६ अंशांवर आल्यावर रत्नागिरीच्या अक्षांशावर तो अर्ध्या तासाच्या आत बुडतो. म्हणून तयारी आधी हवी. कुरवाला मी सेकंदाचा १/१६०० भाग देतो, चपळ सुरयाला १/२५००. उजेड उतरला की संवेदनशीलता वाढवतो, वेग सोडत नाही. उघडीप (एक्स्पोजर) हाताने ठरवावी, कारण पक्ष्यावरचे ऊन तेच राहते आणि मागे कधी काळपट पाणी तर कधी लख्ख आकाश येते. कॅमेऱ्यावर सोपवले तर गडद पाण्यापुढचा पांढरा कुरव जळून जातो. बाकी तांत्रिक गोष्टी त्या-त्या ठिकाणी येतीलच.

एक सावधगिरी मात्र इथेच सांगतो. हे ऊन रंगाच्या बाबतीत फसवे आहे. मोठ्या कुरवांच्या जाती पाठीच्या राखाडी छटेवरून वेगळ्या कराव्या लागतात, आणि मावळतीला सगळ्या पाठी मातकट दिसतात. त्या वेळच्या चित्रावरून आकार, पंखांची नक्षी आणि पिसांची झीज खुशाल सांगावी. छटेवरून जात ठरवायची तर दिवसाउजेडीचे दुसरे चित्र हाताशी असावे. देखण्या चित्राच्या भरवशावर केलेली चुकीची नोंद पुढच्या अभ्यासकांना वर्षानुवर्षे छळते.

आणि पक्ष्याचे देणे. तपकिरी डोक्याचे कुरव लडाख-तिबेटच्या उंच सरोवरांकाठी वीण करून इथवर येतात. भरतीला पुळण अरुंद झाली की ते एकत्र बसून विसावा घेतात. त्यांच्यात धावत जाऊन थवा उठवला की सगळे आकाश पंखांनी भरते, चित्र हमखास मिळते, आणि त्या पक्ष्यांची विश्रांती जाते. असे मिळवलेले एकही चित्र या पुस्तकात घेतलेले नाही. लाँचवरून कुरकुरे, फरसाण भिरकावून त्यांना जवळ आणणेही मला मान्य नाही. ते आपले आपण येतात. बोटीच्या अंगाने चढणारा वारा त्यांना आयता मिळतो आणि पाणी घुसळले की खाणे वर येते. थांबायची तयारी ठेवली तर चोच खाली रोखून पाणी निरखणारा सुरय आणि मान समोर ठेवून बरोबरीने येणारा कुरव, दोघेही भिंगाच्या टप्प्यात येतात.

वाचकहो, पहिले प्रकरण उघडण्याआधी एक संध्याकाळ काढा. डिसेंबर-जानेवारीत मांडव्याहून उशिराच्या लाँचने मुंबईला परत या. वरच्या डेकवर, जाण्याच्या दिशेने उजव्या कठड्याशी उभे राहा. सूर्य तुमच्या पाठीशी असेल आणि कुरव समोर.