हँड ब्लेंडर: घेताना काय बघायचं, वापरताना काय टाळायचं

हँड ब्लेंडर म्हणजे दांड्याच्या टोकाला छोटं पातं असलेला मिक्सर. टोमॅटोचं सार, पालकाची प्युरी, ताक, सगळं थेट पातेल्यातच होतं. शिवाय धुवायला भांडं एक कमी!

घेताना काय बघाल?

वॅट: हा आकडा मोटर किती वीज घेते ते सांगतो, ती किती टिकेल ते नाही. सार-ताकासाठी ३०० वॅटही पुरतात.

सलग चालण्याची वेळ: ही माहितीपुस्तिकेत असते, बऱ्याचदा फक्त १ मिनिट. जास्त चालवलं तर मोटर तापते. म्हणून थोडं फिरवा, थांबा, पुन्हा फिरवा.

दांडा: स्टीलचा आणि सुटा होणारा घ्या. गरम पदार्थाला तोच बरा आणि धुताना मोटरला पाणी लागत नाही.

वापरताना

आधी पातं बुडवा, मग बटण दाबा. बाहेर काढताना उलट, नाहीतर भिंतीवर शिंतोडे उडतात. पदार्थ गरम असेल तर गॅस बंद करा आणि भांडं काठोकाठ भरू नका. सुकं खोबरं, कोरडे मसाले यांच्यासाठी मिक्सरच वापरा.

सर्वात महत्त्वाचं

पात्यात अडकलेला पालकाचा देठ मी बोटाने काढत होतो. प्लग तसाच होता आणि दुसऱ्या हाताचा अंगठा बटणावर पडला. तीन टाके पडले, कितीतरी दिवस नऊ बोटांनी कोडिंग केलं. बटण सोडलं म्हणजे यंत्र बंद झालं असं समजू नका. आधी प्लग काढा, मगच पात्याजवळ हात न्या.