दिंडीची भाकर आणि दिंडीचे पाय



स्मरणिकेच्या मंडळींनी आम्हाला सांगितलं की दिंडीचा इतिहास लिहा. विणेकरी कोण कोण झाले, मृदंग कोणी वाजवला, पालखीला बैल कोणी दिले, ते सगळं दुसऱ्या मंडळींनी लिहिलेलं आहे. आम्ही लिहितो ते एवढंच, की शंभर वर्षांत आपली दिंडी काय जेवली आणि किती चालली. हाही इतिहासच आहे माउली. आणि त्यात आपलं काही चुकत गेलं, म्हणून तर लिहायला बसलो.

नव्या पोरांना वाटतं, जुनी माणसं पायी जायची कारण गाडी नव्हती. तसं नाही. पाचोरा-जामनेर ही आपली पीजे 1919 च्या सुमारास सुरू झाली आणि पहूरला तिचं ठेसन होतं. पाचोऱ्याला मोठी गाडी धरायची, मनमाडला बदलायची, दौंडवरून कुर्डुवाडी, आणि कुर्डुवाडीहून बार्शी लाइटची लहान गाडी 1906 पासून पंढरपुरात जात होती. म्हणजे आपली दिंडी पहिल्यांदा निघाली तेव्हा पहूरचा माणूस रुळावरूनच पंढरीला उतरू शकत होता. तरी आपले आजे-पणजे गाडीची शिट्टी ऐकत जामनेरच्या रस्त्याला पायी लागले. पायी जाणं ही त्यांची अडचण नव्हती, तो त्यांचा नेम होता.

जामनेर, बोदवड, मग एदलाबाद, म्हणजे आताचं मुक्ताईनगर. कोथळीला आईसाहेब मुक्ताईचं दर्शन, आणि तिथून पालखीसोबत मोताळा, राजूरचा घाट, बुलढाणा, चिखली, देऊळगाव राजा, जालना, बीड, करत करत पंढरपूर. सहा जिल्हे, महिनाभराची चाल, रोज वीस-पंचवीस किलोमीटर.

त्या काळी दिंडीसोबत एक बैलगाडी असायची. आमचे आजोबा सांगायचे, गाडीत दादरचं पीठ, उडीद, मीठ, मिरची, कांदे, गूळ आणि शेंगदाणे, बस. दादर म्हणजे आपली रब्बीची ज्वारी, काळ्या जमिनीत ओलीवर येणारी. तिच्यात सालासकट काळे उडीद टाकून दळलं की कळणा. चार वाटे ज्वारी, एक वाटा उडीद आणि चिमूटभर मीठ. कळण्याची भाकर, मिरचीचा ठेचा, वर कच्चा कांदा. ही भाकर सकाळी खाल्ली की दुपारपर्यंत पोट मागत नाही. ज्वारीत जे कमी ते उडदात आहे, आणि दोन्हींची सालं पोटात जातात, म्हणून ती सावकाश पचते, असं आता डॉक्टर सांगतात. आजीला हे कोणी सांगितलेलं नव्हतं, पण तिला भाकर ठाऊक होती.

आता कोणी म्हणेल, जुनं सगळं चांगलं. तसंही नाही. 1972 च्या दुष्काळात आम्ही दहा-बारा वर्षांचे होतो. रेशनला लाल मिलो यायचा, अमेरिकेचा. त्याची भाकर थापताना फुटायची आणि खाताना घशात अडकायची. दुष्काळी कामावर सुकडी मिळायची, तिची आम्ही वाट पाहायचो. त्या साली दिंडीत मोजकी माणसं गेली आणि परतली तेव्हा हाडं दिसत होती. उपासमार म्हणजे तब्येत नव्हे. म्हणून पुढे जेव्हा पंगतीत गोड आलं तेव्हा म्हाताऱ्यांच्या डोळ्यात पाणी आलं, ते आम्ही पाहिलं आहे. गोडाला नावं ठेवताना आम्हाला हे विसरता येत नाही.

बदल हळूहळू झाला. संकरित ज्वारी आली, मग कपाशी वाढली, 2002 नंतर बीटी आली, मका आला. शिवारातली दादर कमी कमी होत गेली. कडबा नाही म्हणून बैल नाही, आणि बैल नाही म्हणून गाडीच्या जागी ट्रॅक्टर आणि नंतर टेम्पो. रेशनला गहू-तांदूळ स्वस्त, आता तर फुकट. विकतची ज्वारी गव्हापेक्षा महाग पडू लागली. गरिबाची भाकर श्रीमंताच्या ताटात गेली आणि गरीब पोळी-भातावर आला. यात दिंडीचा काय दोष? पण टेम्पो आल्यावर तेलाचे डबे आणि साखरेची पोती वाहणं सोपं झालं, हे मात्र आपलं आपण केलं.

पंगत देणाऱ्या गावांची चढाओढ लागली. एका गावाने शिरा दिला तर पुढच्याने बुंदी, त्याच्या पुढच्याने जिलेबी. बट्ट्या पूर्वी गोवऱ्यांच्या निखाऱ्यावर भाजायच्या, आता कढईत तळतात. चहाचं तर विचारू नका. एका वर्षी आम्ही मुद्दाम मोजलं. सकाळच्या काकड्यापासून रात्रीच्या कीर्तनापर्यंत बारा कप झाले. कपाला दोन चमचे म्हणजे दहा ग्रॅम साखर धरा. दिवसाला 120 ग्रॅम, आणि महिन्याच्या वारीत साडेतीन किलोच्या वर. डॉक्टर म्हणतात दिवसाला पाच-सहा चमचे पुष्कळ झाली. आम्ही वारीला निघालो होतो की गुऱ्हाळाला, असं वाटलं.

एकादशीचंही तसंच. एकादशी आणि दुप्पट खाशी, ही म्हण उगाच नाही पडली. जुन्या माया एकादशीला भगर, राजगिरा, रताळं, मूठभर शेंगदाणे यावर भागवायच्या, काही तर नुसत्या पाण्यावर. साबुदाणा मागून आला. तो तमिळनाडूतल्या सेलमकडे एका कंदाच्या पिठापासून करतात. त्यात नुसता स्टार्च, म्हणजे पिठूळ भाग. वर तूप, बटाटा, साखर. उपवास सोडायच्या आधीच पोट जड.

आणि चालणं कमी झालं. वारीत नव्हे, वारीच्या आधीचे अकरा महिने. पूर्वीचा माणूस रोज शेतात पायी जायचा, नांगरामागे चालायचा, विहिरीचं पाणी ओढायचा, तोच जेठ महिन्यात दिंडीत चालायचा. आता मळा एक किलोमीटरवर असला तरी मोटरसायकल. आम्हीही त्यातलेच, खोटं कशाला बोला. हरिपाठाला पूर्वी सगळे उभे राहून पावली धरायचे, आता मागे खुर्च्यांची रांग असते. 2020 आणि 2021 ला करोनामुळे पायी वारी बंद राहिली, मानाच्या पालख्या एसटीने गेल्या. पीजेही तेव्हाच थांबली. दोन वर्षांनी दिंडी निघाली तेव्हा राजूरच्या घाटात निम्मी माणसं टेम्पोकडे पाहू लागली. ती माणसं चाळिशी-पन्नाशीची होती हो, म्हातारी नव्हती.

आमचे एक विणेकरी होते. नाव लिहीत नाही, घरच्यांना बरं वाटणार नाही. अनवाणी चालायचा त्यांचा नेम. साखरेचा आजार होता पण कोणाला सांगितलं नाही. पायाची जाण गेलेली, त्यामुळे जालन्याच्या पुढे टाचेत काटा रुतला तो त्यांना कळलाच नाही. पंढरपुरात पोचले, कळसाला हात जोडले, आणि घरी आल्यावर पाय काळा पडला. गुडघ्याखाली कापावा लागला. पुढची तीन वर्षं ते दिंडी निघताना वेशीपर्यंत कुबडीवर यायचे आणि विणा दुसऱ्याच्या गळ्यात घालायचे. आम्ही त्यांच्यासोबत महिनाभर चाललो, एका पंगतीला बसलो, आणि त्यांच्या ताटात बुंदी आग्रहाने आम्हीच वाढली. हे आम्ही कीर्तनात कधी सांगितलं नाही, आज लिहितो.

त्यानंतर आम्ही स्वतःची तपासणी करून घेतली. आमचीही साखर वाढलेली निघाली. 2023 साली सरकारच्या वैद्यक संशोधन परिषदेच्या पाहणीत देशात दहा कोटींच्या वर माणसांना हा आजार असल्याचं आलं. तो शहरातल्या शेठजींचा आजार, असं आपण म्हणत होतो, पण तो आपल्या पारावर येऊन बसला आहे. त्याच वर्षी सरकारने वारीच्या वाटेवर मोठ्या प्रमाणात तपासण्या ठेवल्या, ते बरं झालं. पण आपले लोक गोळी घेतात आणि तपासणीच्या मांडवाबाहेर चहा पितात.

देऊळगाव राजाजवळ एक माय एकादशीला चक्कर येऊन पडली. सकाळी साखरेची गोळी घेतली आणि दिवसभर उपास. साखर एकदम उतरली होती. म्हणून हे उलटंही ध्यानात ठेवा. ज्याला गोळी किंवा इंजेक्शन चालू आहे त्याने डॉक्टरला विचारल्याशिवाय कडक उपास करू नये, आणि खिशात खडीसाखर ठेवावी. पांडुरंग रागावणार नाही.

पंगतीचं कोडं मोठं होतं. कोणी प्रेमाने बुंदी केली तर त्याचं मन कसं मोडायचं? शेवटी बीडकडच्या माणसांनीच वाट दाखवली. तिकडे शाळूची ज्वारी अजून आहे, आणि गावोगाव घराघरातून भाकरी गोळा करून वारकऱ्यांना देतात. कोणाची जाड, कोणाची पातळ, कोणाची करपलेली. सोबत पिठलं. तेव्हा आम्ही पुढच्या गावांना आधीच निरोप धाडू लागलो की माउली, गोड एकच आणि द्रोणभर, पण भाकर घरची द्या. दोन-तीन गावं रुसली. बाकीच्यांना उलट हलकं वाटलं, खर्च वाचला.

आता दिंडीत चहा तीन वेळा. बिनसाखरेचं भांडं वेगळं असतं, त्यावर खडूने खूण असते. अनवाणी नेम ज्याला साखर नाही त्यानेच करावा. मुक्कामाला हरिपाठानंतर प्रत्येकाने दुसऱ्याचे तळवे बॅटरी लावून पाहायचे. पहिल्या वर्षी लोक लाजले, सासऱ्याचे पाय सुनेने पाहायचे का म्हणून. आता सुना आधी पाहतात. आणि गावात पाडव्यापासून रोज पहाटे काकड्यानंतर वाघूरच्या पुलापर्यंत पायी जाऊन यायचं, म्हणजे जेठात पाय फुटत नाहीत. सुरुवातीला आम्ही चौघं होतो.

यंदा टेम्पोत दोन पोती दादर आणि अर्धं पोतं काळे उडीद चढणार आहेत. ज्वारी तिघांच्या शेतातली, विकतची नाही. अडचण एकच आहे. कळण्याची भाकर हातावर थापणाऱ्या माया आपल्या दिंडीत चारच उरल्या, त्यातल्या दोघी सत्तरीच्या पुढच्या. आखाजी झाली की त्या संध्याकाळी आमच्या ओट्यावर बसतील. पोरींनी यावं, पोरं आली तरी चालतील. परात ज्याची त्याने आणावी.