मुतखड्याने दाखवलेली वाट

हृदयाच्या रोहिणीत स्टेंट बसवणे ही गोष्ट आता घरोघरी ठाऊक झाली आहे. पण रोहिणीच्या भिंतीत कॅल्शियम साचून ती दगडासारखी झाली असेल, तर स्टेंट पुरता उघडत नाही. अर्धवट उघडलेल्या स्टेंटमध्ये रक्ताची गुठळी होण्याचा किंवा तो पुन्हा अरुंद होण्याचा धोका वाढतो. या कठीण कॅल्शियमशी चाललेल्या झुंजीची हकिकत मी आज सांगणार आहे.

१६ सप्टेंबर १९७७ रोजी झुरिचमध्ये आंद्रेआस ग्रुंटझिग यांनी जागेपणी असलेल्या रुग्णाच्या हृदयरोहिणीत प्रथमच फुगा फुगवून अडथळा दूर केला. पुढे निवडीचे निकष सांगताना त्यांनी स्पष्ट लिहिले, की अडथळा आखूड हवा आणि त्यात कॅल्शियम नको. १९८६ मध्ये स्टेंट आला, तरी ही अडचण उरलीच. दाब वाढवला, तर फुगा मऊ बाजूला पसरतो, कठीण भाग तसाच राहतो, आणि रोहिणी फाटण्याची भीती असते.

मग झिजवण्याचा उपाय आला. अमेरिकी अभियंता डेव्हिड ऑथ यांनी हिऱ्याचे कण जडवलेले इवले टोक तयार केले. ते मिनिटाला दीड लाखांच्या आसपास फेरे घेते. लवचीक भिंत त्यापुढे मागे सरते, कॅल्शियम मात्र झिजते. १९८८ मध्ये ते माणसाच्या हृदयरोहिणीत प्रथम वापरले गेले. पण भिंतीत खोल रुतलेल्या थरापर्यंत ते पोहोचत नाही.

त्यावरची वाट दाखवली ती मुतखड्याने! डॉर्निए या विमान कंपनीतील आघातलहरींच्या संशोधनातून निघालेल्या यंत्राने १९८० मध्ये म्युनिचला डॉ. ख्रिश्चन शॉसी यांनी शरीर न कापता मूत्रपिंडातला खडा फोडला. पुढे हीच कल्पना रोहिणीतल्या फुग्यात उतरली. फुगा हलक्या दाबाने भरायचा, आत विजेची ठिणगी पाडायची. तिच्या लहरी मऊ ऊतींतून निघून जातात आणि कॅल्शियमला तडे पाडतात. मग स्टेंट उघडतो. हृदयासाठी या साधनाला अमेरिकेत २०२१ मध्ये मान्यता मिळाली.

तरीही जुने हत्यार अडगळीत गेलेले नाही. वाट इतकी अरुंद असेल की फुगाच शिरत नाही, तेव्हा आधी हिऱ्याचे टोकच लागते. मला या इतिहासातून एवढेच दिसते, की नुसता जोर लावून जे जमले नाही, ते कठीण आणि मऊ यांतला फरक ओळखल्यावर जमले.