शेकडो संगणकांत दडलेली चूक

ठाणे-बेलापूर मार्गालगत ऐरोली, महापे परिसरात डेटा सेंटरची गर्दी आहे. प्रचंड माहितीवरील काम अनेक संगणकांत वाटून देणारी ‘अपाचे स्पार्क’ ही प्रणाली मात्र २००९ मध्ये बर्कले विद्यापीठात जन्मली. तिच्यात क्वेरी बिघडली, की मूळ दोष शोधणे जिकिरीचे ठरते. स्तंभाचे नाव चुकल्यास ते तत्काळ कळते. पण प्रत्यक्ष वाचन निष्कर्ष मागितल्यावरच सुरू होत असल्याने इतर त्रुटी भलत्याच ओळीवर प्रकटतात. एखादे उपकार्य सामान्यतः ४ वेळा फसल्यावर संपूर्ण काम थांबते. तेव्हा लॉगमधील शेवटचे ‘कॉज्ड बाय’ प्रथम वाचावे.

बरेचदा दोष क्वेरीचा नसतोच. पोस्टग्रेस डेटाबेस मूळ मांडणीत १०० जोडण्या स्वीकारतो. २०० उपकार्ये एकदम धडकली, तर उरलेल्यांना नकार मिळतो. अशा वेळी विभागांची संख्या घटवावी.

खरा धोका लेखनात आहे. प्रत्येक विभाग स्वतंत्रपणे लिहिला जातो. काम अर्ध्यावर कोसळल्यास झालेल्या नोंदी तशाच राहतात आणि ते पुन्हा चालवल्यास दुबार होतात. तक्ता बिलांचा असेल, तर ग्राहकावर दुहेरी आकारणी होऊ शकते! म्हणून आधी तात्पुरत्या तक्त्यात लिहून, नोंदींची मोजणी जुळल्यावरच त्या एकाच व्यवहारात मूळ तक्त्यात न्याव्यात.