खुर्चीला लागलेली १४३ वर्षं

बीड जिल्ह्यातल्या माझ्या पिढीसाठी ‘बामू’ म्हणजे ‘रिझल्ट कधी लागणार?’ एवढंच. पण विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव देण्याचा ठराव विधिमंडळात झाला जुलै १९७८ मध्ये. त्यावरून मराठवाड्यात दलित वस्त्या जाळल्या गेल्या, आणि नामविस्तार झाला १४ जानेवारी १९९४ ला. पाटीवरच्या नावाला साडेपंधरा वर्षं, मग कुलगुरूच्या खुर्चीला किती?

मुंबई विद्यापीठ १८५७ चं. बाबासाहेब तिथूनच बी.ए. झाले, १९३५ मध्ये मुंबईच्या सरकारी लॉ कॉलेजचे प्राचार्यही झाले. पण विद्यापीठाला पहिला दलित कुलगुरू मिळाला २००० साली, डॉ. भालचंद्र मुणगेकर. देवगडकडच्या मुणग्याचे, १९४६ चा जन्म, अर्थशास्त्राचे प्राध्यापक. पुढे योजना आयोग, राज्यसभा. (‘मी असा घडलो’ हे त्यांचं आत्मकथन मिळालं तर वाचाच.)

गंमत म्हणजे पुढच्याच वर्षी अमेरिकेत ब्राऊन विद्यापीठाच्या अध्यक्षपदी रूथ सिमन्स आल्या. जन्म १९४५, टेक्सासमध्ये बटाईने शेती करणाऱ्यांच्या बारा लेकरांतलं शेंडेफळ. तिथल्या आठ नामांकित ‘आयव्ही लीग’ विद्यापीठांतल्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय अध्यक्ष. ब्राऊन १७६४ चं, म्हणजे तिथे २३७ वर्षं.

मला हे ‘पहिला’, ‘पहिली’ जरा खटकतंच. कौतुक माणसाचं होतं, उशिराचा जाब संस्थेला कुणी विचारत नाही. सिमन्सबाईंनी मात्र विचारला. २००३ मध्ये समिती नेमून गुलामांच्या व्यापारातला किती पैसा आपल्या विद्यापीठात मुरलाय, ते खणायला लावलं. २००६ मध्ये तो अहवाल विद्यापीठानेच छापला.