फ्रेडरिक्सबर्ग

फ्रेडरिक्सबर्ग : अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील व्हर्जिनिया राज्यातील एक ऐतिहासिक शहर. लोकसंख्या २७,९८२ (२०२०). रॅपहॅनक नदीच्या उजव्या तीरावर, वॉशिंग्टन व रिचमंड यांच्या साधारण मध्यावर ते वसले आहे. स्थापना १७२८. इंग्लंडचा राजा दुसरा जॉर्ज याचा मुलगा फ्रेडरिक याच्यावरून नाव पडले. गलबते नदीतून येथपर्यंतच येऊ शकत; पुढे खडक व धावते पाणी लागते. त्यामुळे वसाहतकाळात तंबाखू व धान्याची मोठी पेठ येथे उभी राहिली. जॉर्ज वॉशिंग्टनचे बालपण नदीपलीकडच्या फेरी फार्म येथे गेले, तर त्याच्या आईने अखेरची वर्षे गावातील घरात काढली. जेम्स मन्रोने येथे काही काळ वकिली केली.

शहराची ख्याती मात्र ११ ते १५ डिसेंबर १८६२ या दिवसांत येथे झालेल्या लढाईमुळे आहे. उत्तर व दक्षिण राज्यांमधील अमेरिकन यादवी युद्धातील (१८६१–६५) अत्यंत एकतर्फी लढायांत तिची गणना होते. संख्येने दीडपट असलेली उत्तरेची फौज येथे हरली, आणि ती का हरली हे गावाची जमीन पाहिल्यावर नीट समजते. पूर्वेला नदी, नदीपलीकडे स्टॅफर्डची उंच टेकाडे, अलीकडे गाव, गावामागे उघडे माळरान आणि माळाच्या टोकाला मेरीज हाइट्स ही टेकडी. टेकडीच्या पायथ्याने जाणारा रस्ता वर्षानुवर्षांच्या रहदारीने खोल गेलेला होता व त्याच्या गावाकडच्या कडेला सुमारे चार फूट उंचीचा दगडी गडगा होता. खंदक खणायची गरजच नव्हती. तो आयताच तयार होता.

उत्तरेच्या ‘पोटोमॅक सेने’ची सूत्रे नोव्हेंबर १८६२ मध्ये मॅक्लेलनकडून काढून अँब्रोज बर्नसाइडकडे देण्यात आली. दक्षिणेची राजधानी रिचमंड गाठायची, त्यासाठी झटपट फ्रेडरिक्सबर्गला येऊन नदी उतरायची, हा त्याचा बेत वाईट नव्हता. त्याची आघाडीची तुकडी १७ नोव्हेंबरला गावासमोरच्या फॉलमथला पोहोचली, तेव्हा पैलतीरावर शत्रू नावापुरताच होता. पण नदीवरचे पूल मोडलेले होते आणि होड्या ओळीने नांगरून, त्यांवर फळ्या टाकून उभारायच्या तरत्या पुलांचे सामान वरिष्ठ कचेऱ्यांच्या ढिलाईमुळे मागेच राहिले होते. उथळ जागी नदी पायी उतरण्याची परवानगी आघाडीच्या सेनापतीने, सम्नरने, मागितली; पाऊस येऊन नदी चढली तर पलीकडची माणसे अडकतील म्हणून बर्नसाइडने ती नाकारली. होड्या येईतो नोव्हेंबरचा शेवटचा आठवडा उजाडला. तेवढ्या अवधीत दक्षिणेचा सेनापती रॉबर्ट ली याने लाँगस्ट्रीटची फौज टेकड्यांवर आणून बसवली आणि पुढे जॅक्सनही येऊन मिळाला. या लढाईचा अर्धा निकाल त्या वाट पाहण्यातच लागला होता. बेत ज्या वेगावर उभा होता तो वेगच संपल्यावर बेत बदलायला हवा होता. बर्नसाइडने तो बदलला नाही.

११ डिसेंबरच्या पहाटे धुक्यात पूल बांधायला सुरुवात झाली. गावातील घरांच्या तळघरांतून व भिंतीआडून मिसिसिपीच्या नेमबाजांनी पूल बांधणाऱ्यांना टिपायला सुरुवात केली. तेव्हा टेकाडांवरच्या सुमारे दीडशे तोफांनी गावावर मारा केला. सुमारे पाच हजार वस्तीच्या गावातील बहुतेक कुटुंबे आधीच थंडीत रानोमाळ झाली होती. तोफांनीही नेमबाज हटेनात, म्हणून शिपाई होड्यांत बसून वल्ही मारत पार झाले आणि गल्लीगल्लीत लढाई जुंपली. दुसऱ्या दिवशी उत्तरेच्या शिपायांनी गाव लुटले. घराघरांतील सामान रस्त्यावर आले, आरसे व पियानो फोडले गेले. त्या सेनेच्या इतिहासातील हा लाजिरवाणा दिवस होय.

मुख्य लढाई १३ डिसेंबरची. गावाच्या दक्षिण बाजूला उत्तरेच्या फ्रँकलिनच्या हाताखाली मोठी फौज होती, पण बर्नसाइडचा हुकूम इतका संदिग्ध होता की फ्रँकलिनने हल्ल्यासाठी मीडची एक डिव्हिजन व तिच्या मदतीला थोडी माणसे एवढेच पुढे काढले. मीडच्या पेनसिल्व्हेनियाच्या शिपायांनी दलदलीच्या झाडीतून शिरून जॅक्सनच्या फळीला खिंडार पाडले. पाठीमागून कुमक आली नाही आणि खिंडार बुजले. या भागात दोन्हीकडची हानी फारशी विषम नव्हती, हे अनेकदा विसरले जाते.

एकतर्फी संहार झाला तो गडग्यासमोर. गावाबाहेर पडताच वाटेत पाणचक्कीचा पाट आडवा येई. त्यावरच्या अरुंद पुलांवरून रांगेने जावे लागे व तेवढ्यात तोफा त्या रांगा गाठत. पाट ओलांडून फळी धरली की पुढे काहीशे मीटर चढती, उघडी जमीन. गडग्याआड प्रथम कॉबची जॉर्जियाची ब्रिगेड होती, मग तिच्या मागे आणखी रांगा उभ्या राहिल्या. मागचे बंदुका भरून पुढे देत, पुढचे झाडत, त्यामुळे गोळीबाराला खंड नव्हता. दुपारपासून अंधार पडेपर्यंत एकामागून एक सात डिव्हिजनांतील ब्रिगेडी पाठवण्यात आल्या. गडग्यापर्यंत एकही पोहोचली नाही. टोपीत हिरव्या बॉक्सवुडच्या डहाळ्या खोवून निघालेल्या आयरिश ब्रिगेडचे सुमारे १,२०० पैकी ५४५ जण पडले. समोरच्या जॉर्जियन पलटणींतही आयरिश होते. या माळावर उत्तरेची हानी सहा ते आठ हजार, दक्षिणेची सुमारे बाराशे. संपूर्ण लढाईत उत्तरेचे १२,६५३ व दक्षिणेचे ५,३७७ जण मृत, जखमी वा बेपत्ता झाले. शिपायांच्या धैर्याविषयी शंकेला जागाच नाही. पहिल्या दोन हल्ल्यांनंतर पुढचे हल्ले चालू ठेवण्याला मात्र कोणतेही समर्थन नाही.

ती रात्र कडाक्याच्या थंडीची होती. जिवंत राहिलेले शिपाई मेलेल्या सोबत्यांच्या आडोशाने पडून राहिले. दक्षिणेच्या रिचर्ड कर्कलंड नावाच्या सार्जंटने गडगा ओलांडून शत्रूच्या जखमींना पाणी पाजले, अशी कथा त्याचा सेनानी कर्शॉ याने १८८० मध्ये प्रसिद्ध केली. कर्कलंडचा पुतळा १९६५ मध्ये येथे उभारला गेला. १५ डिसेंबरच्या रात्री वादळी पावसात उत्तरेची फौज नदीपार परतली. पलीकडच्या चॅटम वाड्यात रुग्णालय होते. क्लारा बार्टनने तेथे शुश्रूषा केली. जखमी भावाच्या शोधात आलेल्या वॉल्ट व्हिटमन या कवीला वाड्यासमोरच्या झाडाखाली कापलेल्या हातापायांचा ढीग दिसला. पुढे युद्धभर तो वॉशिंग्टनच्या रुग्णालयांत जखमींची सेवा करीत राहिला. जानेवारी १८६३ मध्ये बर्नसाइडने पुन्हा चढाईचा प्रयत्न केला, पण सेना चिखलात रुतली आणि त्याच महिन्यात त्याला दूर करून हूकरला नेमण्यात आले. ३ मे १८६३ रोजी, चॅन्सेलर्सव्हिलच्या लढाईच्या वेळी, उत्तरेच्या सेजविकच्या फौजेने हाच गडगा जिंकला. तेव्हा त्याच्यामागे फारच थोडे रक्षक होते.

युद्धाचे मूळ असलेली गुलामगिरी या गावात उघड्यावर नांदत होती. विल्यम स्ट्रीट व चार्ल्स स्ट्रीट यांच्या कोपऱ्यावरचा, गुलामांच्या लिलावाशी निगडित असलेला दगड जून २०२० मध्ये हलवून संग्रहालयात ठेवण्यात आला. उत्तरेची फौज एप्रिल १८६२ मध्ये प्रथम फॉलमथला आली, तेव्हा गावातील जॉन वॉशिंग्टन हा गुलाम नदी ओलांडून स्वतंत्र झाला. त्याने पुढे लिहिलेली आठवणींची वही या गावाच्या इतिहासाचे मोलाचे साधन आहे. त्या उन्हाळ्यात त्याच्यासारखे हजारो लोक नदीपार गेले. लढाईनंतर पंधरवड्याने, १ जानेवारी १८६३ रोजी, लिंकनची मुक्तीची घोषणा अमलात आली. याच मुक्तिकार्याबद्दल जोतीराव फुले यांनी आपला ‘गुलामगिरी’ (१८७३) हा ग्रंथ अमेरिकेतील सदाचारी लोकांना अर्पण केला.

मेरीज हाइट्सवर १८६५ मध्ये राष्ट्रीय दफनभूमी स्थापन झाली. तेथे १५ हजारांहून अधिक सैनिक पुरले असून बहुसंख्यांची नावे अज्ञात आहेत. त्यांच्या लहान चौकोनी दगडांवर दोनच आकडे आहेत : वर थडग्याचा क्रमांक, खाली त्यात किती जण आहेत ती संख्या. रणभूमी १९२७ पासून राष्ट्रीय लष्करी उद्यानात मोडते. मूळ गडग्याचा थोडाच भाग उरला असून बाकीचा नव्याने रचलेला आहे. त्यालगतच्या इनिस घराच्या आतल्या भिंतींत गोळ्यांची भोके अजून दिसतात. हल्ल्याचे माळरान मात्र घरांखाली गेले. त्यामुळे मीडने खिंडार पाडले त्या दक्षिण भागातील स्लॉटर पेन फार्म ही शेतजमीन महत्त्वाची ठरते. औद्योगिक बांधकामाच्या धोक्यातील हे २०८ एकर २००६ मध्ये सुमारे १ कोटी २० लाख डॉलर देऊन वाचवण्यात आले. पर्यटक बहुधा गडगा पाहून परततात. लढाईचा निकाल जेथे फिरू शकला असता, ती जागा ही आहे.